संथ पाण्यातला माझा वेग

१ फेब्रुवारी, रविवार

आणि परत तेच. फोन उचलला की बा विचारणार, "बुडाला न्हाईस ना अजून?" ही काय बापानं लेकाची करायची विचारपूस झाली? आठ महिने झाले आमचं साखरा गाव सोडून, आठ महिने हेच एक वाक्य. बाच्या मते धनगराच्या पोरानं मेंढरांच्या मागं चालावं, लईच हुशार निघालं तर पुढं चालावं. पाण्यावर जाऊन बसू नये. मी म्हणालो, बा, मी पाण्यावर बसत नाही, नोकरी करतो. तर म्हणे, तिथं लोक पैसे देऊन बसतेत, तू पैसे घेऊन बसतो, बसणं तेच की.

अशा माणसाशी काय बोलणार? म्हणून आजपासून ही वही. वहीला उलट बोलता येत नाही.

नोंद एक. मी कोकणात, खाडीवरच्या जेट्टीवर आहे. या गावातून पलीकडच्या गावात माणसं, मोटारसायकली आणि कोंबड्या नेणारी लाँच आहे. घरी माझा हुद्दा 'बोट मास्तर' असा सांगितलेला आहे. तो काही खोटा नाही. बोट तांडेल चालवतो, ठीक आहे. पण मी दोर सोडल्याशिवाय बोट जागची हलत नाही. तिकिटं मी फाडतो, बाकं मी पुसतो, म्हातारीला हात मी देतो. विचार केला तर जबाबदारी कुणाची जास्त?

नोंद दोन. शिक्षण: आठवी. आठवीपर्यंत एकदाही नापास नाही. (तेव्हा नापास करायचा कायदाच नव्हता, असं बा म्हणतो. त्याला कायद्यातलं काय कळतं?) त्यानंतर चार नोकऱ्या. दोन मी सोडल्या, दोघींनी मला सोडलं. बराबरी झाली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नंदीचा फोन. नंदी म्हणजे माझी धाकटी बहीण राजनंदिनी. पोलीस भरतीचं ग्राउंड निघालं तिचं! आठशे मीटर अशी पळाली म्हणे की मागची पोरगी रडायला लागली. पळणारच. लहानपणापासून मेंढरं वळवली आहेत, तिच्यासमोर आठशे मीटर म्हणजे अंगण.

आता लेखी. १५ मार्चला. मागच्या वेळी दोन मार्कांनी हुकली. बानं यावेळी स्पष्ट सांगितलं आहे की ही शेवटची खेप. लेखी निघाली तर नोकरी, नाही निघाली तर पुसेगावच्या स्थळाबरोबर सुपारी. पोराकडं ट्रॅक्टर आहे. बाला त्या ट्रॅक्टरचा नंबरसुद्धा पाठ आहे, पोराचं नाव विचारलं तर अडखळतो.

नंदी म्हणाली, "भाऊ, मला ट्रॅक्टरवर बसून जायचं न्हाई."

बाकी सगळं तिला येतं. व्याज येतं, नळ-टाकी येतं, रेल्वे पूल ओलांडते तेही येतं. अडलं आहे फक्त 'नाव व प्रवाह'. तिची तरी काय चूक? आमच्या कयाधू नदीत उन्हाळ्यात पाणी नाही आणि पावसाळ्यात बोट नाही. तिनं आयुष्यात बोट पाहिलेलीच नाही. म्हणाली, "तू तर बोटीचा मास्तर. तूच शिकव."

मी म्हणालो, हा माझा हातचा मळ. व्हॉट्सॲपवर गणित टाक, मी आत्ता मीटिंगमध्ये आहे.

(बाकं पुसत होतो. पण तांडेल बोलत होता आणि मी ऐकत होतो. मीटिंग याहून वेगळी काय असते?)

४ फेब्रुवारी, बुधवार

गणित आलं. जसंच्या तसं उतरवतो:

'एक नाव प्रवाहाच्या दिशेने २४ किमी अंतर २ तासांत जाते व तेच अंतर प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने ३ तासांत जाते. तर नावेचा संथ पाण्यातील वेग किती?'

वाचून हसू आलं. बोट लाकडाची की फायबरची? मशीन किती हॉर्सपॉवरचं? आत माणसं किती? काहीही दिलेलं नाही आणि वेग विचारून राहिले. आम्ही मोटारसायकल चढवली की बोट निम्मी बसते. हे पुस्तक लिहिणाऱ्याला ठाऊक आहे का?

तरी सोडवलं. २४ भागिले २, बारा. २४ भागिले ३, आठ. मोबाईलवर करून पाहिलं, तेच आलं. मग बारा अधिक आठ, वीस. एका बोटीचे दोन वेग आहेत म्हटल्यावर मिळवायलाच पाहिजेत. पाठवून दिलं.

संध्याकाळी ६. नंदीचा मेसेज: "भाऊ, पर्यायात २० न्हाई."

छपाईची चूक असणार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

एसटी स्टँडजवळच्या दुकानातून स्पर्धा परीक्षेचं गाईड घेतलं. शिवाय कंपासपेटी. दुकानदार विचारत होता, मुलगा कितवीत आहे? मी म्हणालो, मास्तर आहे.

कंपासपेटीत कर्कटक, कोनमापक, गुण्या, सगळं आहे. निम्मी तयारी झाली.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून रोज पाच गणितं. एका महिन्यात दीडशे. नंदीला बोटीच्या प्रकरणात एकही मार्क जाऊ द्यायचा नाही. बाला दाखवून द्यायचं की पाण्यावर काय पिकतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी साडेसात. पहाटे पाचला भरती होती, झोप मोडली नाही. भरतीच्या वेळी हवेत ओल असते, डोक्याला चांगली नसते.

उद्यापासून.

८ फेब्रुवारी, रविवार

गाईडमध्ये गणित सुटत नाही, कारण गाईड खोलीत बसून लिहिलेलं आहे. मी साक्षात बोटीवर उभा आहे. म्हटलं, प्रत्यक्ष मापू. मोबाईलचं घड्याळ लावलं. इकडून तिकडं: नऊ मिनिटं. तिकडून इकडं: नऊ मिनिटं. सहा फेऱ्या मापल्या. एकदा दहा लागली, कारण एक बोकड उतरायला तयार नव्हता. त्याचं एक मिनिट वजा केलं. परत नऊ.

म्हणजे जाताना-येताना फरक शून्य! प्रवाह वगैरे काही नसतं. हा सगळा शाळावाल्यांचा बनाव आहे.

तांडेलाला मोठ्या खुशीनं सांगितलं. तो सुकाणूवर विडी ओढत होता. म्हणाला, "मेल्या, आपण खाडी आडवी मारतव. प्रवाह जाता उभो. तुका दोन्ही टायमाक सारकोच लागतलो." आणि इतका हसला की समोरून येणाऱ्या होडीला हात करायचा राहिला.

तांडेल साठीचा आहे. शाळा दुसरी. त्याच्याशी मी गणितावर वाद घालत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

नंदीला फोनवर पहिला धडा दिला. विषय: बोटीची ओळख. नाळ म्हणजे बोटीचं नाक, मागचं मशीन, सुकाणू, दोर, लाईफ जॅकेट कसं घालायचं (दाखवलं, व्हिडीओ कॉलवर). चाळीस मिनिटं झाली. शेवटी तिनं विचारलं, "ते दहा कसं येतं तेवढं सांग." तिच्या गाईडच्या मागं उत्तर दहा दिलेलं आहे म्हणे.

मी म्हणालो, पाया पक्का झाल्याशिवाय उत्तराकडं धावू नये. ती म्हणाली, बरं भाऊ. पटलं असावं.

माय मागून ओरडली, ते नारंगी काय घातलंस रे, गॅसची टाकी दिसून राहिला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज खरा प्रयोग झाला! एक वऱ्हाड खाडीच्या आतल्या गावात सोडायचं होतं. बारा किलोमीटर, उभं, म्हणजे प्रवाहात. पुस्तकात देतात तसं. तांडेलानं मला बरोबर घेतलं.

सकाळी दहाला निघालो. आत जायचं म्हणजे नदीच्या उलट, विरुद्ध दिशा. मी घड्याळ लावून तयार. मनाशी म्हटलं आता बोट रखडणार. पण कसली रखडते! पाणीच बोटीला ढकलून राहिलं होतं आतल्या बाजूला. एका तासात पोचलो. वऱ्हाडानं जिलेबी दिली. तीन वाजता परत फिरलो तर पाणी बाहेरच्या बाजूला ढकलू लागलं. परत एक तास.

जाताना पाणी बरोबर, येतानाही पाणी बरोबर!

तांडेलाला विचारलं, हे कसं? म्हणाला, भरतीबरोबर आत जायचं, ओहोटीबरोबर बाहेर यायचं, पाण्याच्या तोंडावर कोण जाईल, डिझेल काय बापाचं आहे?

एवढंच. इतक्या वर्षांत कुण्या पुस्तकवाल्याच्या ध्यानात आलेलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सिद्धांत लिहून ठेवतो. पुढं कामाला येईल.

शहाण्याची बोट नेहमी प्रवाहाच्या दिशेनेच जाते. विरुद्ध दिशेने जाणारा माणूस मूर्ख असतो किंवा घाईत असतो. म्हणून उत्तर: बारा.

नंदीला सांगितलं. ती म्हणाली, "मग विरुद्ध दिशा गणितात दिली काहून?"

मी म्हणालो, फसवायला. पोलिसात जायचं आहे ना तुला? मग फसू नको.

ती म्हणाली, गाईडात दहा आहे. मी म्हणालो, गाईडवाला कधी खाडीत उतरला आहे का? ती म्हणाली, "भाऊ, मी बी न्हाई उतरले. पण पेपर मला द्यायचा हाय."

आवाज जरा वेगळा होता तिचा. नेटवर्क असेल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हनुमानचा फोन. हनुमान माझा चुलतभाऊ, सेनगावला फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवड, दहावी पास, दुःखद निधन, काहीही असो, तालुक्यातला चेहरा त्याच्या मशीनमधून गेल्याशिवाय चौकात लागत नाही.

मी त्याला आत्ताच सांगून ठेवलं. नंदी निघाली की गावात पहिला फ्लेक्स आपला. दहा बाय आठ. मधे नंदी वर्दीत. वर उजव्या कोपऱ्यात मोठ्या गोलात मी, गॉगल लावून, मागं खाडी. खाली लिहायचं: 'मार्गदर्शक, मा. मल्हारीभाऊ, बोट मास्तर'.

हनुमान म्हणाला, वरचा गोल हजार रुपये, मधली ओळ पाचशे, खालची ओळ दोनशे. घरचा म्हणून 'मा.' फुकट.

हजार तर हजार. फोटो काढून ठेवला. तांडेल शेतावर गेला होता तेव्हा सुकाणू धरून काढला. बोट बांधलेलीच होती.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे पाच. उठलो!

पाच वाजून दहा. लाईट नाही.

२ मार्च, सोमवार

कोकणात शिमगा सुरू. जो तो मुंबईहून येऊन राहिला. लाँचवर पाय ठेवायला जागा नाही. तिकिटं फाडून बोटं दुखली. अशा तकलीफीत अभ्यास कसा होणार? तरी संकल्प कायम आहे. दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास बाकी.

परवा दुपारच्या फेऱ्या बंद, तांडेल पालखीला जाणार. जेट्टी माझ्या ताब्यात. त्या दिवशी नंदीला फोनवर चार तास सलग शिकवायचं ठरवलं आहे. संध्याकाळी सहा वाजता. ती मेंढरं आणून जाळीच्या कुंपणात घालते आणि मोकळी होते.

४ मार्च, बुधवार, दुपारी १

तांडेल पालखीला गेला. जाताना म्हणाला, छोटी होडी जेट्टीला बांधून ठेव आणि लक्ष ठेव. एरवी दोर तोच बांधतो. मला म्हणतो, तू फक्त सोडायचं काम कर. आज मात्र बांधायला दिलं. हळूहळू माझी किंमत कळून राहिली सगळ्यांना.

होडी बराबर बांधली. आखूड, पक्की. लांब दावं दिलं की शेळी स्वतःच्याच पायात गुंतते, इकडं तिकडं तोंड घालते. आखूड बांधली की गप उभी राहते. हे मला पाचव्या वर्षापासून ठाऊक आहे. पाणी तुडुंब आहे, होडी जेट्टीच्या कडेला लागून अशी शहाण्यासारखी उभी आहे की बानं पाहिली असती तर म्हणाला असता, पोरगं बांधायला शिकलं.

आता माडाखाली बसून अभ्यास.

४ मार्च, परत

उतरवायचं नाही असं ठरवलं होतं. पण वही खरी ठेवायची म्हणजे लिहावं लागतं.

पाणी खाली जातं हे मला ठाऊक होतं. होडी पाण्याबरोबर खाली जाते हेही ठाऊक होतं. दोर मात्र खाली जात नाही, ही गोष्ट ध्यानात आली तेव्हा होडी जेट्टीला लटकलेली होती. नाकाला दोर, शेपूट चिखलात, मागचं मशीन पाण्यात बुडालेलं. बाजारात बोकड टांगतात तशी.

मी चिखलात उतरून तिला खालून उचलू लागलो. कमरेपर्यंत गेलो. पालखीला निघालेली सगळी बायामाणसं जेट्टीवर थांबून बघून राहिली होती. तेवढ्यात तांडेल आला. "मेल्या, होडी म्हणजे काय शेळी हा? पाणी वर-खाली होता ह्या तुका आठ म्हयन्यात कळला नाय?" अख्ख्या गावासमोर. त्यातल्या एका म्हातारीनं माझ्या डोक्यावर उरलेला गुलाल टाकला. का ते कळलं नाही.

याच गोंधळात सहा वाजले. वर बाकावर ठेवलेला माझा फोन वाजून राहिला होता. नंदीचा. मी खाली, फोन वर. तांडेलानंच उचलला. काय बोलला काय माहीत. चांगलंच बोलला असणार, बराच वेळ हसत होता.

६ मार्च, शुक्रवार

मालकानं मशीनच्या दुरुस्तीचे चार हजार पगारातून कापले. अन्याय. मशीन जुनंच होतं. शिवाय होडी पळून तर गेली नाही ना? ज्या कामासाठी बांधतात ते काम झालंच.

नंदीला फोन लावला. बिझी.

८ मार्च, रविवार

आज नंदी बोलली. आवाज एकदम खुललेला. म्हणाली, "भाऊ, जमलं! नाव-प्रवाह जमलं!"

मला भरून आलं. शेवटी माझी मेहनत कामी आली. म्हणालो, बारा पटलं ना? ती म्हणाली, बारा न्हाई रे, दहा. आणि मग जे सांगितलं ते मी मन घट्ट करून उतरवतो.

बुधवारी संध्याकाळी मी फोनवर मिळालो नाही. (कुठं होतो ते वर लिहिलं आहे.) ती जाळीपाशी बसून तेच २४ किलोमीटरचं गणित मोठ्यानं वाचत होती. बा तिथंच कोकरं मोजत होता. त्यानं विचारलं, नाव म्हंजे काय असतं ते सोड, पण जाताना रमतगमत जातं आणि येताना झपाट्यानं येतं, असंच ना? ती म्हणाली, व्हय. तर बा म्हणाला, हे तर आपलं मेंढरू झालं.

मेंढरू!

कोकरं घरी जाळीत असतात. मेंढ्या सकाळी रानात निघाल्या की त्यांचा जीव मागं. वजीर म्होरं असतो म्हणून चालतात, पण मागं बघत बघत. (वजीर म्हणजे आमचा म्होरका एडका.) संध्याकाळी त्याच मेंढ्या घराकडं अशा सुटतात की माणसाला पळावं लागतं. बा म्हणाला, "कोकराची वढ जाताना जेवढं कापती, तेवढंच येताना देती. एक तोळा कमी न्हाई, एक तोळा जास्त न्हाई. मंग मेंढराची सोताची चाल कुठं? दोन्हीच्या बराबर मधी."

मग बानं जमिनीवर दोन ढीग मांडले. एकात बारा, एकात आठ. म्हणाला, दोन्ही सारखे कर. नंदीनं बारातल्या दोन उचलून आठात टाकल्या. दोन्हीकडं दहा. बा म्हणाला, हे दहा मेंढराचे, आणि तू उचलल्या त्या दोन कोकराच्या वढीच्या.

म्हणजे बोट दहा, प्रवाह दोन. गाईडात तेच आहे.

ढीग कशाचे मांडले होते, मी विचारलं. मला वाटलं खडे असतील. नंदी म्हणाली, "खडे कुठून आणू? लेंड्या व्हत्या की पुढ्यात."

कंपासपेटी घेतली मी. बोट मापली मी. चिखलात उतरलो मी. आणि बोटीचं गणित सुटलं मेंढरांच्या लेंड्यांवर!

९ मार्च, सोमवार

बाची पद्धत तपासून पाहिली. गाईडातली चार गणितं घेतली. जेट्टीवर लेंड्या नाहीत, शिंपल्या घेतल्या.

चारही बराबर आली.

योगायोग असू शकतो.

१४ मार्च, शनिवार

उद्या पेपर. नंदीला शेवटच्या सूचना दिल्या. एक, घाबरू नको. दोन, पाणी पी. तीन, बोटीचं गणित आलं तर माझा सिद्धांत आठव, प्रवाहाच्या दिशेचा वेग तेच उत्तर. ती म्हणाली, व्हय भाऊ, नक्की आठवीन. इतक्या गोड आवाजात म्हणाली की मला शंका यायला पाहिजे होती.

मायला विचारलं, बा काय म्हणतो? माय म्हणाली, काही म्हणत न्हाई, वजीरला गूळ चारून राहिला. पुसेगाववाले पाडव्याला येणार आहेत बोलणी करायला. पोरगं ट्रॅक्टर घेऊनच येणार आहे म्हणे. दाखवायला.

जेवण गेलं नाही. मासे होते, म्हणून असेल.

१५ मार्च, रविवार, दुपारी ३

फोन आला. बोटीचं गणित आलं होतं!

३६ किलोमीटर. दिशेने दोन तास, विरुद्ध तीन तास. नावेचा वेग विचारला होता. पर्याय: १८, ३०, १४.४, १५.

नंदी म्हणाली, लेंड्या आत नेऊ देत न्हाईत, म्हणून कच्च्या कागदावर ठिपके मांडले. अठरा आणि बारा. तीन उचलले. दोन्हीकडं पंधरा. पण त्याआधी, म्हणाली, अठरा दिसल्याबरोबर खोडलं, तीस दिसल्याबरोबर खोडलं. "दोन्ही तुझेच, भाऊ. पेपर काढणाऱ्यानं तुला इचारूनच पर्याय ठिवलते जणू."

हसून हसून तिला ठसका लागला.

मी शांतपणे विचार केला. चारपैकी दोन पर्याय माझ्यामुळं गेले. म्हणजे पन्नास टक्के काम माझंच. हे तिच्या ध्यानात आलं नाही, अजून लहान आहे.

१९ मार्च, गुरुवार, पाडवा

पुसेगाववाले आले होते. पोरानं ट्रॅक्टर दारात उभा केला आणि हॉर्न वाजवला. मेंढरं बिथरली, वजीरनं ट्रॅक्टरला धडक दिली. बत्ती फुटली.

बानं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, निकाल लागू द्या. पोराचा बाप म्हणाला, पोरीच्या जातीला निकालाची काय वाट बघायची? बा म्हणाला म्हणे, "दोन ढिगाचं गणित तुमच्या पोराला घालतो. सुटलं तर आजच सुपारी फोडू."

नंदीच्या पेपरातलंच गणित, एका ढिगात अठरा, एकात बारा, लेंड्या आणून मांडल्या बानं. पाहुण्यांसमोर!

पोरानं ३० सांगितलं.

माय हे सांगून हसून राहिली होती. त्या पोराबद्दल मला काहीतरी वाटलं. काय ते लिहीत नाही.

२८ मार्च, शनिवार

नंदी निघाली!!!

शंभरपैकी ऐंशी. यादीत नाव. माय रडून राहिली. मग तिनं फोन बाच्या हातात दिला. मला वाटलं बा आता म्हणेल, तुझं बी त्यात काही तरी हाय. बा म्हणाला, "बुडाला न्हाईस ना अजून?" पण यावेळी जरा थांबून म्हणाला.

मग नंदी. मी म्हणालो, आता फ्लेक्स लावतो, वरचा गोल. 'मार्गदर्शक, बोट मास्तर'. तर ती म्हणाली, "भाऊ, तू बोट चालवत न्हाईस, दोर सोडतो. मला ठाऊक हाय."

कधीपासून?

चार मार्चपासून. तांडेलानं फोन उचलला तेव्हा सगळं सांगितलं. शेळी, होडी, गुलाल, सगळं. मी विचारलं, मग चौदा तारखेला 'व्हय भाऊ' काहून म्हणालीस? म्हणाली, "तू किती दिवस झाले एकटाच तिथं. म्हटलं, शिकवू द्यावं." मग म्हणाली, बाला आणि मायला सांगितलं न्हाई. फक्त दोर तरी बराबर बांधत जा.

मी म्हणालो, ती होडी वेगळ्या कारणानं लटकली होती.

ती म्हणाली, व्हय.

३० मार्च, सोमवार

हनुमाननं फ्लेक्सचं डिझाईन पाठवलं. मधे नंदी. वरच्या मोठ्या गोलात बा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. खाली लिहिलं आहे: 'मार्गदर्शक'. मधल्या ओळीत सरपंच, क्लासवाले सर, आणि हनुमान स्वतः. हे तिघं पाहिजेतच म्हणाला, तिघांनी पैसे भरले आहेत.

खालच्या ओळीत वजीर. गळ्यात हार.

मी फोन करून विचारलं, एडक्याचे पैसे कुणी भरले? हनुमान म्हणाला, नंदीनं सांगितलं म्हणून घातला, आणि जनावराकडून मी पैसे घेत न्हाई.

माझा फोटो पाठवला होता, सुकाणू धरलेला, त्याचं काय झालं? म्हणाला, लेका, वरचा गोल हजाराचा, तुझे आलेच न्हाईत. मी त्याला मशीनचं, मालकाचं, चार हजारांचं सगळं सांगितलं. पन्नास टक्क्यांचा हिशेबही सांगितला, खोडलेल्या दोन पर्यायांसकट. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, बराबर हाय तुझं, पण फ्लेक्स उद्या सकाळी छापायचा. खालच्या ओळीत एक गोल शिल्लक हाय, वजीरच्या शेपटीकडं. घेतो तर बोल.

'मार्गदर्शक' तिथं बसणार नाही, जागा नाही. 'बोट मास्तर'ही नको, मीच म्हणालो. नुसतं नाव टाक, मल्हारी. हनुमान म्हणाला, नुसतं नाव घातलं तर लोक म्हणतील हे एडक्याचंच नाव. मग त्यानंच सुचवलं, 'भाऊ' लिहू. 'मा.' फुकट देत होता, ते आता राहू दे म्हणालो.

संकल्प: एप्रिलपासून दोर तांडेलाकडून नीट शिकायचा.

फोन पे, हनुमान फ्लेक्स, सेनगाव: दोनशे रुपये.